थवा गोल फिरत असताना मोजू नका

शिकारी पक्ष्यांच्या स्थलांतराची मोजणी करताना यंदा माझा चौथा शरद ऋतू आहे आणि अजूनही मोठा थवा दिसला की पोटात गोळा येतो. हे आधीच सांगते, कारण पहिल्या वर्षी मला वाटायचं, असं फक्त माझंच होतंय.

घार, गरुड, भोवत्या, ससाणा यांच्या आकृत्यांतला फरक तुम्हाला कळतो असं धरून चालते. मोठ्या पंखांचे पक्षी थर्मलवर, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर उठणाऱ्या गरम हवेच्या झोतावर, वर चढतात, पाण्यावर तसा उठाव मिळत नाही म्हणून समुद्र टाळतात आणि चिंचोळ्या वाटांवर गर्दी करतात, हेही माहीत असेलच. काळा समुद्र आणि कॉकेशस पर्वत यांच्यामध्ये असलेल्या जॉर्जियातल्या बातुमीवरून एका हंगामात दहा लाखांहून जास्त शिकारी पक्षी जातात, मेक्सिकोतल्या वेराक्रूझवरून तर त्याच्याही कित्येक पट. अमूर ससाणा मात्र थेट अरबी समुद्र ओलांडतो. त्याला हा नियम लावायला जाऊ नका.

आता माझी चूक. पहिल्याच मोठ्या दिवशी समोरच्या डोंगरावर मधुबाजांचा थवा घिरट्या घेत वर चढत होता. मी काउंटर काढला आणि सपाट्याने बटण दाबत सुटले. तासाभरानंतर माझ्या वहीत 640, शेजारच्या मोजणाऱ्याकडे 370. मला वाटलं, त्याचेच सुटले.

सुटले नव्हते. घिरट्या घेणाऱ्या थव्यात पुढचा पक्षी मागच्याला झाकतो, एकदा मोजलेला वळून पुन्हा समोर येतो, खालून नवे येऊन मिळतात आणि त्याच वेळी वरचे निघून जातात. तो आकडा काही केल्या स्थिर राहत नाही. वर हवेचा उठाव संपला की मात्र पक्षी पंख थोडे आवळून एकाच दिशेला, एकामागोमाग एक घसरत निघतात. मोजायचं तेव्हा. थांबायचं, हात आवरायचा आणि ती रांग सुटली की सुरू करायचं. माझी दुसरी चूक याहून वाईट होती: हीच रांग पुढच्या थर्मलमध्ये शिरून पुन्हा घिरट्या घेऊ लागली आणि मी तिला नवा थवा समजले.

म्हणून सकाळीच दोन ठळक खुणा निवडा, एखादं शिखर आणि एखादा मनोरा, आणि त्यांच्यामध्ये मनातल्या मनात रेघ ओढा. रेघ ओलांडेल तोच पक्षी मोजायचा, उलटा परत आला तर वजा करायचा. दिवसभर तिथेच हिंडणारी स्थानिक जोडी मोजायचीच नाही. हे वाचायला सोपं वाटतं. हात आवरायला मला अख्खा हंगाम लागला, तुम्हालाही लागला तर घाबरू नका.

फोटो काढून घरी मोजू, हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. रांग लांब असेल तर दहा-दहाचे गट धरायला शिका, डोळा बसतो. आणि आकाशातल्या प्रत्येक ठिपक्याचं नाव ठामपणे सांगणाऱ्या गुरूपासून जरा लांबच बसा. माझ्या पहिल्या हंगामातले एक ज्येष्ठ तसेच होते, त्यांच्या नादाने मी कित्येक ठिपक्यांना गरुड करून टाकलं. मला खरं शिकवलं ते दिवसातून वीसदा ‘अनोळखी शिकारी पक्षी’ लिहिणाऱ्या बाईंनी. त्या नोंदीची लाज बाळगू नका, खोट्या नोंदीची बाळगा. पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनवर 1934 पासून मोजणी चालू आहे. डीडीटी या कीटकनाशकाच्या काळात टकल्या गरुडांमध्ये अजून वयात न आलेले पक्षी कमी दिसू लागले, हे त्याच वह्यांमधून कळलं. तिथे कुणी अंदाजाने वय भरलं असतं तर?

थकवा मात्र खरा असतो. दर तासाला वारा, ढग आणि दृश्यता लिहायच्या निमित्ताने डोळ्यांना विश्रांती द्या. निरभ्र निळं आकाश सर्वांत अवघड, त्यात नजर कुठे ठरतच नाही. दुपारी आकाश रिकामं वाटलं तर उठून जाऊ नका, पक्षी बहुधा नुसत्या डोळ्यांना दिसणार नाहीत इतके उंच गेलेले असतात. दुर्बीण लावा आणि पांढऱ्या ढगांच्या कडा सावकाश, डावीकडून उजवीकडे बघत चला.