काळजीची आखणी करायला कोणी घरी येणार असेल तर

वडिलांच्या किंवा आईच्या काळजीचं मूल्यमापन करायला नर्स घरी येणार असेल, तर सगळ्यात आधी कानाचं मशीन. रिपोर्ट, आधार कार्ड आपण काढून ठेवतोच. मशीन मात्र कपाटातल्या डबीत राहतं. आमच्याकडे बाबा प्रत्येक प्रश्नाला हसून मान डोलावत राहिले, उत्तरं आम्ही भावंडांनी दिली आणि कागदावर वर 'विस्मरण' असा शेरा पडला. ऐकू न आलेला प्रश्न स्मरणशक्तीच्या चाचणीत चुकलेलं उत्तर म्हणून मोजला जातो.

म्हणून सेल आदल्या दिवशीच आणा. पाकिटावरचा नंबर बघून घ्या: ३१२ ला तपकिरी खूण असते, १३ ला नारिंगी. हे झिंक-एअर सेल स्टिकर काढल्यावर हवा लागून सुरू होतात आणि स्टिकर परत चिकटवला तरी पुरते थांबत नाहीत. तेव्हा तो आधीच काढून ठेवू नका. त्या दिवशी काढा, मिनिटभर थांबा, मग बसवा. चार्जिंगचं मशीन असेल तर रात्रीच लावा. कानात मळ असेल तर नवे सेल घालूनही उपयोग नाही, तो डॉक्टरांकडून आधीच काढून घ्या. चष्मा, कवळी जवळ.

औषधांची यादी करत बसू नका. घरातल्या सगळ्या स्ट्रिपा, चूर्णं, बाटल्या एका पिशवीत भरा आणि ती नर्ससमोर उपडी करा. दोन डॉक्टरांनी वेगळ्या नावांनी एकच औषध दिलंय, हे असंच सापडतं. रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांत, असा दोनदा मोजायला सांगा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर तोल जाण्याचं कारण तिथे असू शकतं.

घर आवरू नका. ओली मोरी, उंबरा, सदाशिव पेठेतल्या जुन्या इमारतीचा बिनलिफ्टचा जिना, सगळं आहे तसं दिसू दे. आंघोळ, कपडे, संडास, उठबस, लघवी-शौचावरचा ताबा, जेवण या सहाही गोष्टींत 'जमतं' एवढ्यावर थांबू नका. कसं जमतं, किती वेळ लागतो, वाईट दिवशी काय होतं, तेही सांगा.

बसायची जागा ठरवून ठेवा. नर्स बाबांच्या अगदी समोर, उजेड तिच्या चेहऱ्यावर, म्हणजे ओठ दिसतात. टीव्ही बंद, कुकर नंतर. मशीन कानात आहे ना? पुन्हा बघा, चालू आहे ना तेही बघा. आणि प्रश्न बाबांना असेल तर तुम्ही बोलू नका. उत्तर यायला वेळ लागेल, तो लागू द्या. मुलांना हवं असतं 'पडू नयेत'. बाबा कदाचित म्हणतील, चतुर्थीला सारसबागेतल्या गणपतीला जायचंय. तेच उद्दिष्ट त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. मग कोणता व्यायाम, जिना कोणाच्या आधाराने, रिक्षात कसं चढायचं, वाटेत लघवीची सोय कुठे, हे सगळं त्यावरून ठरतं. 'चालणं सुधारणे' एवढंच लिहिलं तर त्यातलं काहीच ठरत नाही. आंघोळ कोणी घातलेली चालेल, कोणी नको, हेही त्यांनाच विचारा. आईलाही वेगळं विचारा, कारण रात्री उठतात त्या.

थोडा वेळ नर्स आणि बाबांना एकटं सोडा. पैसे, दमदाटी, घरातला त्रास मुलांसमोर कोणी सांगत नाही.

नंतरचं थोडक्यात. काळजीच्या आखणीच्या कागदावर प्रत्येक कामापुढे कोण आणि कधी. ब्यूरोची मावशी येणार असेल तर तिलाही प्रत. पुढची तपासणी तारखेसह. सही करण्याआधी मसुदा बाबांना मोठ्याने वाचून दाखवा, अर्थात मशीन घालून. ते 'हे नको' म्हणाले तर तिथेच खोडा. एल्डरलाइनचा, म्हणजे ज्येष्ठ नागरिकांच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४५६७ हा मोफत नंबर त्यांच्या स्वतःच्या फोनमध्ये भरून द्या.