क्यूटीत लेबलला स्वतःचा सिग्नल कसा द्यायचा

क्यूटी ही खिडक्या-बटणांचे प्रोग्रॅम लिहायची लायब्ररी. तिच्यात बटणाला क्लिकचा सिग्नल, म्हणजे ‘हे घडलं’ अशी सूचना, असतो, लेबलला नसतो. चित्रांच्या छोट्या प्रती लेबलांत दाखवून त्या दाबता याव्यात, असं हवं असेल तर क्यूलेबल या लेबलच्या क्लासचा सबक्लास करून सिग्नल आपणच लिहायचा. पायक्यूटीत, म्हणजे पायथॉनमधून क्यूटी वापरताना, हे जेमतेम आठ-दहा ओळींचं काम, पण कुठली ओळ कुठे लिहिली यावर सगळं ठरतं.

सिग्नल थेट क्लासच्या बॉडीत लिहा:

निवडलं = पायक्यूटीसिग्नल(इंट)

पायसाइड या तशाच दुसऱ्या लायब्ररीत याच जागी नुसतं ‘सिग्नल’ लिहितात. हीच ओळ ‘इनिट’मध्ये (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या मेथडमध्ये) ‘सेल्फ’ला चिकटवली, की सिग्नल एखाद्या फंक्शनला जोडताना, म्हणजे कनेक्ट करताना, पायक्यूटी ‘कनेक्ट हा अ‍ॅट्रिब्यूट नाही’ अशी एरर देतं. कारण सिग्नलची नोंद क्लास तयार होतानाच होते. ऑब्जेक्ट बनल्यावर उशीर झालेला असतो. ‘इनिट’मध्ये पहिली ओळ ‘सुपर’च्या इनिटची. ती विसरलात तर रनटाइम एरर ठरलेली. त्यानंतर चित्राचा क्रमांक ‘सेल्फ.क्रमांक’मध्ये ठेवा.

आता माउसचं बटण सोडल्यावर चालणारी ‘माउसरिलीजइव्हेंट’ ही मेथड ओव्हरराइड करा. ‘प्रेस’वर सिग्नल सोडायचा मोह होतो, पण बटण दाबून धरलेला माणूस विचार बदलून माउस बाहेर सरकवतो, तेव्हा क्लिक होता कामा नये. म्हणून आधी डावं बटण आहे का पाहा, मग बटण सोडलं तो बिंदू ‘सेल्फ.रेक्ट’च्या, म्हणजे लेबलच्या चौकटीच्या, आत आहे का ते पाहा. क्यूटी 6 मध्ये तो बिंदू ‘इव्हेंट.पोझिशन’ला ‘टूपॉइंट’ लावून मिळतो. दोन्ही जमलं तरच:

सेल्फ.निवडलं.एमिट(सेल्फ.क्रमांक)

शेवटी ‘सुपर’चं माउसरिलीजइव्हेंट बोलवा, नाहीतर लेबलमधल्या लिंक चालेनाशा होतात.

क्रमांक सिग्नलसोबतच पाठवायचा, हे महत्त्वाचं. तो न पाठवता लूपमध्ये लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) लिहून दहा लेबलं जोडली, तर कुठलंही दाबा, शेवटचाच क्रमांक येतो. लॅम्डा व्हेरिएबलची किंमत चालताना वाचतो, जोडताना नाही. ‘इंट’ मात्र 32 बिटांचा असतो. 2,14,74,83,647 च्या पुढचा आकडा, समजा बाइटमधला फाइलचा आकार, नीट पोचत नाही. तिथे ‘ऑब्जेक्ट’ लिहा.

सिग्नलला क्यूटीतल्या मेथडचं नाव देऊ नका. ‘अपडेट’ हे नाव दिलंत, तर पुढे ‘सेल्फ.अपडेट’ लिहून विजेट पुन्हा रंगवायला जाल आणि हाती सिग्नल येईल.

हे सगळं क्यूऑब्जेक्टपासून निघालेल्या क्लासांतच चालतं. क्यूग्राफिक्सआयटम हा ग्राफिक्स दृश्यातल्या आकृत्यांचा क्लास त्यातला नाही. दृश्यातल्या आकृतीला सिग्नल हवा असेल तर सबक्लास क्यूग्राफिक्सऑब्जेक्टचा करा.