मृगाच्या पावसात शेतातले पिवळे बेडूक कसे जपायचे

मृगाचा पहिला दणदणीत पाऊस झाला की आमच्या सिंधुदुर्गात खाचरं रात्रभर ओरडतात. एरवी मातकट हिरवा दिसणारा मोठा बेडूक, शास्त्रातला होप्लोबॅट्राकस टायगरिनस, या दिवसांत पिवळाधमक होतो. गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. हा रंग नराचाच, आणि तोही विणीपुरता. मादी आकाराने मोठी, पण मातकटच राहते. सगळी वीण पहिल्या जोरदार पावसानंतरच्या मोजक्या रात्रींत उरकते. नेमक्या त्याच रात्री काहीजण बॅटरी आणि पोती घेऊन शेतात उतरतात, कारण एवढा पिवळा आणि एवढा ओरडणारा जीव लपणार कुठे? म्हणून जपायचं ते याच दिवसांत.

सकाळी उजेडात खाचरं बघून या. साचलेल्या उथळ पाण्यात काळ्या ठिपक्यांचा बुळबुळीत थर दिसला की ती अंडी. त्या खाचराच्या बांधावर काठी रोवून खूण करा आणि चिखलणीला ते सगळ्यात शेवटी घ्या. तोवर त्याचं पाणी सोडू नका. पिल्लांना पाय फुटून शेपूट गळेपर्यंत पाणी टिकलं पाहिजे. लावणीची घाई असते हे मला माहीत आहे, तरी निदान एक कोपरा राखाच. पॉवर टिलर मधून सुरू करून बांधाकडे नेत जा, म्हणजे मातीत बसलेल्या बेडकांना बांधावर पळायला वाट राहते.

औषधाच्या बाबतीत मी अजिबात सैल नाही. बेडूक कातडीतून पाणी घेतो आणि श्वासही घेतो, त्यामुळे पाण्यात मिसळलेलं विष थेट अंगात जातं. तणनाशकाचा पंप खाचरात किंवा वहाळात धुऊ नका. दाणेदार कीटकनाशक टाकायचा विचार असेल, तर आधी हा बेडूक काय खातो ते बघा: टोळ, किडे, उंदराची पिल्लं, बारके खेकडेही. बांध पोखरणारे खेकडे आणि लोंब्या तोडणारे उंदीर आपल्याला किती छळतात, ते वेगळं सांगायला नको.

कठडा नसलेल्या विहिरीत बेडूक पडतात आणि गुळगुळीत भिंतीवरून त्यांना वर येता येत नाही. खडबडीत फळीला काथ्याचा दोर गुंडाळून ती तिरपी सोडा. खालचं टोक पाण्यात बुडलेलं हवं. परसातल्या भाजीला लावलेली नायलॉनची जाळी वापरात नसेल तेव्हा गुंडाळून ठेवा. तिच्यात बेडूक आणि धामण दोघंही अडकून मरतात.

रस्त्यातला बेडूक उचलावा लागला तर हात आधी साध्या पाण्याने ओले करा. हाताला साबण किंवा डासांचं मलम नको. तो ज्या दिशेला निघाला होता, त्याच बाजूला ठेवा. पिल्लं बरणीत भरून दुसऱ्या गावच्या तळ्यात मात्र सोडू नका. ही पिल्लं दुसऱ्या बेडकांची पिल्लं खातात. माणसाबरोबर अंदमानात पोचलेल्या याच बेडकाने तिथल्या स्थानिक जातींना धोका निर्माण केला आहे.

आता शिकारीचं. एकेकाळी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी जात. 1987 मध्ये त्या निर्यातीवर बंदी आली. तरी शेजारच्या गोव्यात पावसाळ्यात ‘जंपिंग चिकन’ म्हणून हा चोरून खाल्ला जातो. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणं, मारणं आणि विकणं गुन्हा आहे. रात्री शेतात अनोळखी बॅटऱ्या फिरताना दिसल्या तर एकट्याने अडवायला जाऊ नका. महाराष्ट्र वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करा. गाव, वाडी, जवळची खूण आणि गाडी असल्यास तिचा नंबर सांगा. वनरक्षकाचा मोबाइल नंबर मे महिन्यातच मागून ठेवा. पाऊस लागला की आमच्याकडे वीज जाते, रेंजही जाते, आणि तेव्हा नंबर शोधत बसायला वेळ नसतो.