सुट्या पॅनेलांतून घनाकृती: कार्डपेपर, कान आणि रबरबँड

कागदाची घनाकृती करायची म्हटली की बहुतेकांना शाळेतली रीत आठवते. सगळी पृष्ठे एकमेकांना जोडलेली असतील अशी एकच घडण कागदावर आखायची, ती कापायची, दुमडायची आणि डिंकाने चिकटवायची. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने १५२५ साली आपल्या भूमितीच्या ग्रंथात अशा घडणी छापल्या होत्या, इतकी ही रीत जुनी आहे. घन किंवा चतुष्फलक करण्यापुरती ती पुरेशी आहे, परंतु वीस पृष्ठांच्या आकृतीत एक घडी जरी तिरकी गेली तर सगळा कागद वाया जातो, आणि एकदा चिकटवलेली आकृती उलगडून तिच्यापासून दुसरी करता येत नाही. म्हणून येथे निराळी पद्धत सांगितली आहे. तीत प्रत्येक पृष्ठासाठी एक सुटे पॅनेल करायचे, त्याच्या प्रत्येक कडेला बाहेरच्या बाजूने दुमडणारी एक पट्टी ठेवायची (तिला सोयीसाठी ‘कान’ म्हणू), आणि शेजारच्या दोन पॅनेलांचे कान पाठीला पाठ लावून त्यांच्यावर रबरबँड चढवायचा. कान बाहेर असल्यामुळे प्रत्येक जोड बाहेरूनच लावता आणि सोडता येतो. आकृती पूर्ण बंद होत असताना आत बोट घालायला जागा उरत नाही, आणि चिकटवण्याच्या रीतीत बहुतेकांची दमछाक नेमकी तेथेच होते.

साहित्य थोडे आहे. २०० ते २५० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) कार्डपेपर, पट्टी (शक्य तर स्टीलची), कंपास, गुण्या, कात्री, शाई संपलेला बॉलपेन, कागदांना भोके पाडण्याचे साधे पंच मशीन, टाचणी आणि लहान रबरबँड एवढे पुरते. याहून पातळ कागद रबरबँडच्या ताणाने वाकतो, आणि फार जाड पुठ्ठ्याची घडी स्वच्छ पडत नाही. रबरबँड निवडताना तो न ताणता सपाट धरला असता सुमारे ४ सेंटिमीटर लांब असावा. फार घट्ट रबरबँड कडेला कमान आणतो, तर ढिला असला की जोडात फट राहते.

सर्व पॅनेलांची कड एकाच लांबीची असली पाहिजे, कारण तरच त्रिकोण चौरसाला आणि चौरस पंचकोनाला जोडता येतो. ६ सेंटिमीटरची कड हाताळायला सोयीची पडते. तेवढ्या कडेचा समभुज त्रिकोण कंपासाने थेट काढता येतो आणि चौरसाला गुण्या पुरतो. इतर आकृत्यांसाठी आधी वर्तुळ काढावे. सुसम पंचकोनासाठी ५.१० सेंटिमीटर, षट्कोनासाठी ६ सेंटिमीटर आणि अष्टकोनासाठी ७.८४ सेंटिमीटर त्रिज्या घ्यावी, आणि मग कंपास ६ सेंटिमीटरवर उघडून परिघावर खुणा करत जावे. शेवटची खूण पहिल्या खुणेवर नेमकी पडली नाही, तर कंपासाचे अंतर केसभर बदलून पुन्हा फेरी मारावी. ही फेरी दोन-तीनदा मारावी लागली तरी कंटाळू नये, कारण या सर्व कामातली अचूकता याच टप्प्यावर कमवायची असते.

असे म्हणण्याचे कारण आहे. सगळ्या पॅनेलांची कड ६ सेंटिमीटरऐवजी ६.१ सेंटिमीटर झाली तर काहीच बिघडत नाही, आकृती किंचित मोठी होते इतकेच. बिघडते ते पॅनेले एकमेकांहून वेगळी असली तर. म्हणून प्रत्येक पॅनेल स्वतंत्रपणे आखण्याऐवजी जाड पुठ्ठ्याचा एकच साचा काळजीपूर्वक करावा आणि बाकी सगळी पॅनेले त्यावरून उतरवावीत. साच्यात मूळ बहुकोन आणि प्रत्येक कडेला १ सेंटिमीटर रुंदीचा कान असावा. कानाची दोन्ही टोके कडेशी काटकोनात ठेवावीत, ती बाहेर पसरू देऊ नयेत, म्हणजे बहिर्वक्र (कोठेही आत न खचलेल्या) आकृतीच्या शिरोबिंदूपाशी शेजारचे कान एकमेकांत अडकत नाहीत. साच्याच्या प्रत्येक शिरोबिंदूवर टाचणी जाईल एवढे छिद्र पाडावे. साचा पडताळण्याचा सोपा उपाय असा की, तो कागदावर ठेवून टाचणीने खुणा कराव्यात, मग एक कड पुढे फिरवून आणि नंतर उलटा करून तो त्याच खुणांवर ठेवून पाहावा. तरीही छिद्रे खुणांशी जुळली तर साचा खरा.

उतरवताना पेन्सिलीची रेघ साच्याच्या किंचित बाहेरून जाते आणि ते टाळता येत नाही. परंतु पेन्सिलीने फक्त कानांची बाह्यरेषा काढायची आहे, आणि कानाची रुंदी एखाद्या मिलिमीटरने कमी-जास्त झाली तरी आकृतीला काही होत नाही. शिरोबिंदूंच्या खुणा मात्र टाचणीनेच कराव्यात. मग त्या खुणांना पट्टी लावून शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून काढावी. कागदाच्या तंतूंना एक दिशा असते. तिला समांतर घडी सहज पडते, आडवी घडी फाटल्यासारखी खरबरीत होते, आणि त्रिकोणाच्या तिन्ही कडा एकाच वेळी तंतूंच्या दिशेने येऊ शकत नसल्यामुळे प्रत्येक घडीची रेघ आधी दाबलेली असणे आवश्यक ठरते.

यानंतर प्रत्येक शिरोबिंदूवर पंच मशीनने भोक पाडावे. मशीनच्या खालचे झाकण काढून ते उलटे धरले की टाचणीची खूण भोकाच्या मध्यभागी आली की नाही हे दिसते. नेहमीच्या मशीनचे भोक साधारण ६ मिलिमीटर व्यासाचे असते. त्यामुळे कानाच्या दोन्ही टोकांशी, घडीच्या अगदी लगत, ३-३ मिलिमीटरची खाच तयार होते. म्हणजे घडीपाशी कान ५.४ सेंटिमीटर लांब असतो आणि बाहेर पुन्हा पूर्ण ६ सेंटिमीटर होतो. रबरबँड या खाचांत बसतो आणि घडीपासून घसरत नाही. अनेकांच्या आकृत्या आपोआप सुटतात, कारण ही खाच त्यांनी केलेलीच नसते. भोक पाडूनच कात्रीने बाह्यरेषा कापावी, कारण आधी कापले तर टोके मशीनमध्ये नीट धरली जात नाहीत. शेवटी प्रत्येक कान दोन्ही बाजूंना एकेकदा पूर्ण दुमडून मोकळा करावा. तो किती अंशांत वळवायचा हे मोजण्याची गरज नाही, जोडणी होताना तो आपली जागा घेतो.

कान धरून एक त्रिकोणी पॅनेल साधारण ७.८ बाय ६.७ सेंटिमीटर जागा घेते. ए-४ कागद आडवा ठेवला तर त्यावर तीन ओळींत नऊ पॅनेले बसतात, म्हणजे वीस त्रिकोणांना तीन कागद लागतात.

पहिली आकृती चतुष्फलक असावी. तिला चार त्रिकोण आणि सहा रबरबँड लागतात, आणि कान पाठीला पाठ लावून बँड एका खाचेतून ताणून दुसऱ्या खाचेत नेण्याची सवय हाताला होते. रबरबँड नेहमी आकृतीच्या कडांइतके लागतात, आणि कडा मोजायच्या नसतील तर ऑयलरचे सूत्र वापरावे: शिरोबिंदू आणि पृष्ठे यांच्या बेरजेतून २ वजा केले की कडांची संख्या मिळते.

चतुष्फलकानंतर मी थेट विंशतिफलकाकडे, म्हणजे वीस त्रिकोणांच्या आकृतीकडे, जाण्याचा सल्ला देईन. पाच त्रिकोण एका शिरोबिंदूभोवती जोडून एक टोपी करावी, आणि तशीच दुसरी. उरलेल्या दहा त्रिकोणांचा, एक टोक वर आणि पुढचे टोक खाली अशा क्रमाने, पट्टा करून त्याचे कडे बंद करावे. मग एक टोपी वरून आणि दुसरी खालून बसवावी. दोन टोप्यांचे पाच-पाच, पट्ट्याचे दहा आणि टोप्या बसवण्याचे पाच-पाच असे तीस रबरबँड होतात. पट्टा हातात लुळा पडतो, एक टोपी बसवली तरी आकृती डगमगते, आणि दुसऱ्या टोपीचा शेवटचा बँड चढला की अचानक ती घट्ट होते. हा योगायोग नाही. बहिर्वक्र बहुफलकाची पृष्ठे ताठ असतील तर कडा बिजागरीसारख्या फिरत्या असूनही संपूर्ण आकृती हलू शकत नाही, हे फ्रेंच गणिती कोशीने १८१३ साली सिद्ध केले. काड्यांचा घन बाजूला कलतो, पॅनेलांचा घन कलत नाही, तो याचमुळे. म्हणून बंद झालेली आकृतीही डगमगत असेल तर दोष जोडात शोधावा. बहुतेक वेळा एखाद्या ठिकाणी रबरबँड खाचेबाहेर कानावर बसलेला असतो.

पुढे कोणती आकृती घ्यावी हे ठरवताना पृष्ठांची संख्या पाहण्यापेक्षा कोनातली तूट पाहावी. एका शिरोबिंदूभोवती जमणाऱ्या कोनांची बेरीज ३६० अंशांपेक्षा जितकी कमी, तितकी तेथली तूट. सहा समभुज त्रिकोण एकत्र आणले की तूट शून्य होते आणि पॅनेले सपाट पसरतात. घनाच्या प्रत्येक शिरोबिंदूवर तूट ९० अंश आहे, विंशतिफलकाच्या ६०, बारा पंचकोनांच्या द्वादशफलकाच्या ३६. सर्व शिरोबिंदूंची तूट मिळवली की प्रत्येक बहिर्वक्र आकृतीत ७२० अंशच येतात, हे फ्रेंच तत्त्वज्ञ आणि गणिती देकार्तचे निरीक्षण. म्हणजे शिरोबिंदू वाढले की प्रत्येकाच्या वाट्याला तूट कमी येते. बारा पंचकोन आणि वीस षट्कोन यांच्या फुटबॉलसारख्या आकृतीत साठ शिरोबिंदू आहेत आणि प्रत्येकाची तूट अवघी १२ अंश. अर्धी बांधून झाली तरी ती जवळजवळ सपाट चादरीसारखी पसरते, स्वतःच्या वजनाने खचते, आणि पॅनेलांतला प्रत्येक फरक शेवटच्या षट्कोनापर्यंत साचत जातो. पॅनेले बत्तीस असली तरी रबरबँड नव्वद लागतात. नवशिक्याने ती मागे ठेवावी.

त्याऐवजी फक्त त्रिकोणी पॅनेलांशीच आणखी खेळावे, कारण तेथे फार मौज आहे. केवळ समभुज त्रिकोणांची, शेजारची दोन पृष्ठे एका सपाटीत न येणारी बहिर्वक्र घनाकृती किती प्रकारे करता येते? उत्तर आठ आहे. त्यांत ४, ६, ८, १०, १२, १४, १६ आणि २० पृष्ठे असतात. सोळा पृष्ठांची आकृती विंशतिफलकासारखीच बांधायची, फक्त टोप्या चार-चार त्रिकोणांच्या आणि पट्टा आठांचा घ्यायचा. याच चालीने तीन-तीनच्या टोप्या आणि सहांचा पट्टा घेऊन पाहावे. आकृती बंद होते, पण टोपीचा प्रत्येक त्रिकोण पट्ट्यातल्या शेजाऱ्याच्या सपाटीत येतो आणि बारा त्रिकोणांऐवजी सहा समभुज चौकोनांचा तिरका ठोकळा हाती राहतो.

आणि या यादीत अठरा नाही. अठरा त्रिकोणांना सत्तावीस कडा होतात, म्हणून शिरोबिंदू अकरा. प्रत्येक कडेची दोन टोके धरली तर एकूण टोके ५४, आणि एका शिरोबिंदूवर पाचांहून अधिक त्रिकोण येऊ शकत नसल्यामुळे दहा शिरोबिंदूंवर पाच-पाच आणि एकावर चार एवढाच हिशेब जुळतो. अशी मांडणी मात्र प्रत्यक्षात करता येत नाही. फ्रॉयडेनथाल आणि व्हान डेर वार्डेन या गणितज्ञांनी ही आठांची यादी पूर्ण असल्याचे १९४७ साली सिद्ध केले. चार त्रिकोणांची एक टोपी करून पुढे सर्वत्र पाच-पाच ठेवत जावे, म्हणजे अडचण कोठे येते हे बोटांनाच कळते. सिद्धता वाचण्यापूर्वी हा प्रयत्न जरूर करावा.

चौरस हाताशी आले की आठ त्रिकोण आणि अठरा चौरसांची आकृती घ्यावी. एका चौरसाच्या चार कडांना चार चौरस आणि त्यांच्या मधल्या फटींत चार त्रिकोण लावून झाकण करावे. अशी दोन झाकणे आणि मध्ये आठ चौरसांचा पट्टा, एकूण अठ्ठेचाळीस रबरबँड. येथे एक चूक इतकी सहज होते की ती माझ्या हातूनही झाली: खालचे झाकण ४५ अंशांनी फिरलेले बसते, सर्व कडा जुळतात, आकृती घट्ट बंद होते, प्रत्येक शिरोबिंदूवर तीन चौरस आणि एक त्रिकोणही येतो, आणि तरीही ती वेगळीच आकृती असते. ओळखण्याची खूण अशी की, योग्य आकृतीत आठ चौरसांचे पूर्ण कडे तीन वेगवेगळ्या दिशांनी काढता येते, तर चुकलेल्या आकृतीत फक्त एकाच दिशेने. दुरुस्तीसाठी पट्ट्याच्या एका बाजूचे आठ रबरबँड सोडून झाकण एक घर फिरवले की पुरते.

रबर हवेने आणि उन्हाने काही महिन्यांत चिरते, तेव्हा एखादी आकृती कायम ठेवायची असेल तर ती चिकटवावी. त्यासाठी कान आत वळवावेत, एका वेळी एकच कड चिकटवून ती वाळू द्यावी, आणि शेवटचे पॅनेल आधी एका कडेने बिजागरीसारखे पक्के करून मगच उरलेल्या कानांना गोंद लावून ते मिटवावे. बाकी आकृत्या पाहून झाल्या की सोडाव्यात, कान सपाट करावेत, त्रिकोण, चौरस आणि पंचकोन यांचे वेगवेगळे गठ्ठे बांधावेत आणि साचा प्रत्येक गठ्ठ्याच्या वर ठेवावा, म्हणजे फाटलेल्या पॅनेलाच्या जागी नवे उतरवताना तो शोधावा लागत नाही.