पाय गेल्यावर ऑनलाइन प्रशिक्षण कसं घ्यावं

माझा डावा पाय गुडघ्याखाली कापलेला आहे. कापलेल्या पायाची काळजी शिकवणाऱ्या ऑनलाइन वर्गाला बसताना मी लायनर (कृत्रिम पायाच्या आत घालायचं मऊ आवरण), त्यावरचे मोजे आणि हातातला आरसा जवळच ठेवते. तुम्हीही ठेवा. त्वचा तपासण्याचा व्हिडिओ लागला की तो थांबवा आणि तिथल्या तिथे स्वतःची त्वचा बघा. आरसा स्टंपखाली, म्हणजे कापल्यावर उरलेल्या भागाखाली धरा. टोक, मागची बाजू, टाक्यांची रेघ, सगळं नीट पाहा. सॉकेट (कृत्रिम पायाचा, स्टंप ज्यात बसतो तो भाग) काढल्यावर थोड्या वेळात लाली ओसरली नाही किंवा फोड दिसला, तर कृत्रिम पाय पुन्हा चढवू नका, प्रोस्थेटिस्टला (कृत्रिम पाय बनवून बसवणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवा.

वर्ग सेकंड लाइफसारख्या आभासी जगात असेल (ते २००३ पासून चालू आहे), तर अवतार, म्हणजे पडद्यावरची तुमची आकृती, चालवायचा सराव आधीच निवांतपणे करा. अवताराला कृत्रिम पाय द्यायचा की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. त्यात कुणाचंही ऐकू नका. डोळ्यांवरचा व्हीआर हेडसेट वापरत असाल तर तो मात्र बसूनच लावा, तोल जातो. हात गमावलेल्यांनी आवाजी टायपिंग आधी सुरू करून घ्यावं.

वर्ग संपला की आठवड्याचा एकच बेत लिहा. ‘जास्त चालेन’ हा बेत नव्हे. ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी दहा मिनिटं चालेन’ हा बेत. जमेल याची खात्री ० ते १० मध्ये किती, ते स्वतःला विचारा. ७ पेक्षा कमी आली तर बेत लहान करा.

नसलेल्या पायात कळा येत असतील तर वर्गाच्या गटात मोकळेपणानं बोला. तो भ्रम नाही, दुखणं खरं असतं. आरसा उपचाराबद्दलही (शाबूत पायाचं प्रतिबिंब आरशात बघत करायचा उपचार) तिथेच विचारा.