ब्लॅकबेरीचा संकर करताय? या चुका टाळा

'संकर केला, पन्नास रोपं आली, पण पहिल्या वर्षीच्या फुटीवर एकालाही फूल नाही. काय चुकलं?' दर ऑगस्टला कुणी ना कुणी हे विचारतंच. तोवर काही चुकलेलं नसतं. चूक पुढे होते, रोपं उपटताना.

साध्या ब्लॅकबेरीची फूट पहिलं वर्ष नुसती वाढते, दुसऱ्या वर्षी फळते आणि मरते. पहिल्याच वर्षीच्या फुटीवर (तिला प्रायमोकेन म्हणतात) फळण्याचा गुण अप्रभावी आहे. त्यात या झाडांना गुणसूत्रांचे संच दोन नाहीत, चार; चारही संचांत असला तरच हा गुण दिसतो. साध्या जातीशी संकर केलात की पहिल्या पिढीत हा गुण दडी मारून बसतो. याच पिढीतली दोन रोपं एकमेकांशी जोडली तर छत्तीसात एक मिळणार. 'काटे नकोत' हीही अट असेल तर तो गुणसुद्धा असाच अप्रभावी, म्हणजे छत्तीस गुणिले छत्तीस. 1,296 रोपांना परसात जागा आहे का?

इथे अमेरिकेतल्या अर्कान्सा राज्यात, विद्यापीठाच्या जेम्स मूर यांनी 'ब्राझोस' आणि 'हिलक्विस्ट' या ब्लॅकबेरींचा संकर साठच्या दशकात केला. त्यांनाही पहिल्या पिढीत काही दिसलं नाही. पहिल्याच वर्षी फळणाऱ्या 'प्राईम-जॅन' आणि 'प्राईम-जिम' या जाती बाजारात आल्या 2004 मध्ये. आणि आपल्याला तिसऱ्या उन्हाळ्यात निकाल हवा असतो!

मी शहाणा होतो अशातला भाग नाही. 'प्राईम-आर्क 45' या पहिल्याच वर्षी फळणाऱ्या जातीचे पराग बिनकाट्याच्या एका जुन्या जातीवर लावून मी बासष्ट रोपं केली. सगळी काटेरी, सगळी वांझोटी वाटली. वैतागून एका शनिवारी कुदळ घेतली, दुपारपर्यंत वाफा साफ आणि कोपरापर्यंत हात ओरबाडलेले. पावसाच्या पाण्याच्या पिंपामागे एक रोप नजरेतून सुटलं, तेवढंच वाचलं. दोन वर्षांनी त्याची फुलं पुन्हा 'प्राईम-आर्क 45' च्या परागांशी जोडली. एकतीस रोपांपैकी पाच पहिल्याच फुटीवर कळीला आली. ऑगस्टअखेर नव्या फुटीच्या शेंड्याला हिरव्या कळ्यांचा घोस दिसला, तेव्हा खात्री पटेना म्हणून फूट बोटाने चाचपत पार जमिनीपर्यंत गेलो. यंदाचीच होती. असा पहिल्या पिढीचा पुन्हा पालक जातीशी संकर केला की हिशेब छत्तीसात एकवरून सहात एकवर येतो. माझी आता तीच सवय आहे.

चाचपायचं कारण दुसरी चूक. जुन्या काडीवरचं फळ पाहून लोक 'सापडली!' म्हणून नाचतात. मी फेब्रुवारीत सगळं जमिनीलगत छाटतो. त्यानंतर जे फळेल ते नव्याच फुटीवरचं, वादच नाही. जूनचं पीक बुडतं, बुडू दे. जाम दुकानात मिळतो.

पराग लावायला उमललेलं फूल घेऊ नका, त्यावर मधमाशी आधीच जाऊन आलेली असते. पाकळ्या उघडायच्या आदल्या दिवशी पुंकेसर काढा आणि पिशवी बांधा.

बी थेट कुंडीत टाकून महिनाभर वाट पाहणारे तर विचारूच नका. कवच आम्लाने पातळ करावं लागतं, मग ओल्या मॉसमध्ये तीन-चार महिने फ्रीजमध्ये. आम्ल गंधकाचं असतं, स्वयंपाकघरात प्रयोग नकोत.

पेटंट असलेल्या जातीच्या काड्या लावून मित्रांना वाटू नका.

उरलं ऊन. तापमान तीस अंशांच्या वर राहिलं की फळधारणा बिघडते. दाणे अर्धेमुर्धे भरतात, फळ बोटांत भुगा होतं. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हे ठरलेलंच, आणि नवखे 'जात वाईट' म्हणून चांगली रोपं फेकतात. मी फूट मीटरभर झाली की शेंडा खुडतो, बाजूच्या फांद्याही एकदा खुडतो. बहर सप्टेंबरकडे सरकतो. फार उशीर केला तर ऑक्टोबरची गोठवणारी थंडी गाठते आणि हिरवी फळं काळी न होताच गोठतात. गेल्या वर्षी माझा दुसरा खुडा आठवडाभर उशिरा झाला, पाचांपैकी दोन रोपांचं फळ मला चाखायलाही मिळालं नाही.