पोरीसाठी डिजिटल पियानो घेताना काय पाहायचं

पहिले पट्ट्या मोजा भाऊ, 88 पाहिजेत, आन त्या वजनदार म्हणजे हॅमर अ‍ॅक्शनच्या, खऱ्या पियानोसारख्या जड दाबाच्या पाहिजेत, कारण 61 पट्ट्यांच्या हलक्या कीबोर्डवर शिकलेल्या बोटाले जोर येत नाही मंग खऱ्या पियानोवर हात अडखळते. दुकानदार शेकडो आवाज न् ताल वाजवून दाखवते, त्याच्यात गुंतू नका. एकच पट्टी हळू दाबा, मंग जोरात, आवाजात फरक पडलाच पाहिजे. पॉलिफनी, म्हणजे एकाच वेळी किती सूर वाजू शकतात तो आकडा, 64 असली तरी सुरुवातीले पुरते.

आपल्याकडे लाइट कधी जाईल नेम नाही, म्हणून मले कॅसिओचा सीडीपी-एस100 आवडते, तो 6 पेन्सिल सेलवर चालते. यामाहाचा पी-45 हा पियानो बी चांगलाच आहे पण त्याले इन्व्हर्टर लागते.

सल्ला कोणाचा घ्यावा? ज्याले विकून कमिशन भेटते त्याले सगळ्यात शेवटी विचारा. भजनी मंडळातल्या पेटीवाल्याले सूर पक्का कळते, सोबत न्याच, पण पट्टीच्या वजनाचं पियानो शिकवणाऱ्यालेच विचारा. नागपूरले दोन-तीन दुकानांत पोरीले स्वतः वाजवू द्या, हेडफोन लावून, घाई न करता. आन बिघडला तर सर्व्हिस सेंटर कुठं आहे हे पैसे द्यायच्या आधी विचारा, पक्कं बिल घ्या.